ऑनलाइन कॉपीराइट आणि ओस पडलेली कारखान्यांची शहरं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे दोन विषय एकत्र कसे काय? काही संबंध तरी आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून पहिला घेतला. वरवर बघितलं तर काडीचाही संबंध नाही. एकीकडे यूट्यूबचे व्हिडिओ, पायरसी, गाण्यांचे हक्क, आणि दुसरीकडे अमेरिकेतली डेट्रॉइट आणि यंगस्टाउन, स्पेनमधलं बिल्बाओ, जर्मनीतला कोळसा-पोलादाचा रूर पट्टा असली ठिकाणं जिथं भट्ट्या थंड झाल्या आणि लोक निघून गेले. पण अभ्यास करायला बसलं की दोन्हीकडे अडायला होतं ते एकाच जागी: हा कायदा नसता किंवा ही सबसिडी नसती, तर काय झालं असतं? जे घडलंच नाही ते मोजायचं कसं हा खरा प्रश्न, आणि ते मोजता येत नाही म्हणून ज्याला जो आकडा सोयीचा तो त्या रिकाम्या जागेत आणून बसवतो. कंपनी म्हणते पायरसीनं इतके अब्ज बुडाले, मेयर म्हणतो मी इतक्या हजार नोकऱ्या आणल्या, आणि दोघांच्याही आकड्यामागं धरून चाललेलं गृहीतक एकाच जातीचं असतं.

शिवाय दोन्ही विषय थेट एकमेकांत घुसतात अशाही जागा आहेत, सिनेमाच्या सबसिड्या हे त्यातलं मोठं उदाहरण, त्यावर खाली लिहिलंय.

पायरसीमुळं अब्जावधी डॉलर बुडतात असं सगळीकडे छापून येतं. ते आकडे खरे असतात का?

बहुतेक वेळा मुळाशी गेलं की काही सापडतच नाही. अमेरिकेच्या संसदेसाठी ऑडिट करणारी जी सरकारी संस्था आहे, जीएओ, तिनं एप्रिल २०१० मध्ये हेच तपासलं. नकली माल आणि पायरसीमुळं वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलरचं नुकसान, साडेसात लाख नोकऱ्या गेल्या, असे आकडे वर्षानुवर्षं भाषणांमधे, कमिट्यांसमोर, बातम्यांमधे फिरत होते आणि त्यावर सरकारी खात्यांची नावं होती. जीएओनं मागोवा घेतला तर त्या आकड्यांमागचा डेटा किंवा पद्धत काही हाताला लागली नाही. एकानं दुसऱ्याचा हवाला दिलेला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा, बास.

हिशोबातली नेहमीची चलाखी अशी की प्रत्येक फुकट डाउनलोड म्हणजे एक बुडालेली विक्री धरायची. ज्यानं फुकट मिळालं म्हणून बघितलं तो पैसे देऊन बघणारच होता, हे कशावरून? काही जण बघणार होते, बरेचसे नाही. म्हणजे खरा प्रश्न हा की किती टक्के, आणि तो टक्का गाण्याला वेगळा, सिनेमाला वेगळा, पुस्तकाला वेगळा.

युरोपियन कमिशननं ३ लाख ६० हजार युरो मोजून हाच अभ्यास करून घेतला होता. तो २०१५ मध्ये तयार झाला आणि मग गपचूप पडून राहिला, २०१७ मध्ये युरोपियन संसदेच्या सदस्य जूलिया रेडा यांनी माहितीच्या हक्काखाली मागितल्यावर बाहेर आला. त्यात काय होतं, तर एकंदरीत पायरसीमुळं विक्री घटते असा ठोस पुरावा मिळत नाही, अपवाद नवीन मोठ्या सिनेमांचा, तिथं मात्र फटका स्पष्ट दिसतो. आता हा रिपोर्ट ठरवून दाबला का, मला माहीत नाही आणि त्यावर वाद घालण्यात अर्थही नाही, पण निष्कर्ष उलटा आला असता तर तो दोन वर्षं कपाटात राहिला असता असं मला तरी वाटत नाही.

म्हणजे पायरसीनं नुकसान होतच नाही असं म्हणायचंय का?

नाही हो, तसं अजिबात नाही. एका टोकाचा आकडा फुगवलेला निघाला म्हणून दुसरं टोक खरं ठरत नाही. नॅप्स्टर, म्हणजे लोकांनी एकमेकांना गाण्यांच्या फाइल फुकट द्यायची सोय, १९९९ मध्ये आलं, आणि त्यानंतर रेकॉर्ड कंपन्यांचं जगभरातलं उत्पन्न २०१४ पर्यंत घसरत गेलं, मग स्ट्रीमिंगनं सावरलं. एवढी घसरण नुसत्या योगायोगानं होत नाही. २००७ मध्ये ओबरहोल्झर-गी आणि स्ट्रम्फ या दोन अर्थतज्ज्ञांचा पेपर गाजला होता की फाइल शेअरिंगचा अल्बमच्या विक्रीवर परिणाम जवळपास शून्य, पण नंतरच्या बहुतेक अभ्यासांना थोडा ते बराच परिणाम दिसला.

पण इथं अजून एक पायरी आहे आणि बरेच लोक ती गाळतात. कंपन्यांचं उत्पन्न घटलं म्हणजे समाजाचं नुकसान झालं असं आपोआप होत नाही. कॉपीराइट आहे कशासाठी, तर नवीन गोष्टी तयार होत राहाव्यात म्हणून. मग विचारायला हवं की उत्पन्न घटल्यावर नवीन चांगली गाणी यायची थांबली का? अर्थतज्ज्ञ जोएल वाल्डफोगेल यांनी हे तपासलं, समीक्षकांच्या याद्या, विक्री, रेडिओवर वाजणं असल्या गोष्टींवरून, आणि नॅप्स्टरनंतर दर्जा घसरल्याचं काही दिसलं नाही. कारण त्याच काळात रेकॉर्डिंगचा आणि वितरणाचा खर्चही कोसळला होता ना. पैसे कमी आले पण करायला लागणारे पैसेही कमी झाले.

मग कॉपीराइट हवाच कशाला? त्यानं निर्मिती वाढते याचा काही पुरावा आहे?

आहे, आणि मला आवडणारा पुरावा ऑपेराचा आहे. नेपोलियनच्या लढायांमुळं इटलीतल्या काही राज्यांमधे, लोम्बार्डी आणि व्हेनेशियात, १८०१ मध्ये फ्रेंच धर्तीचा कॉपीराइट आला आणि बाकीच्या राज्यांमधे आला नाही. भाषा तीच, ऑपेराचं वेड तेच, फरक फक्त कायद्याचा, आणि तो कायदा कुठं आला हे लढाईच्या तारखांवर ठरलेलं, संगीतकारांच्या मागणीवर नाही. असली संधी संशोधकाला क्वचित मिळते. जॉर्चेली आणि मोझर या अर्थतज्ज्ञांनी आकडे काढले तर जिथं कॉपीराइट आला तिथं ऑपेरा जास्त लिहिले गेले आणि टिकलेही जास्त. म्हणजे मूलभूत संरक्षण कामाचं आहे. पण पुढं मुदत वाढवली तेव्हा मात्र तसा फायदा दिसला नाही.

हीच गोष्ट अमेरिकेत १९९८ नंतर वेगळ्या पद्धतीनं पुढं आली. १७१० च्या इंग्लंडच्या कायद्यात १४ वर्षं आणि लेखक जिवंत असेल तर अजून १४ एवढीच मुदत होती, ती वाढत वाढत १९९८ मध्ये अमेरिकेत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं झाली, आणि गंमत म्हणजे ही वाढ आधीच लिहून झालेल्या कामांनाही लागू. मेलेल्या लेखकाला प्रोत्साहन देऊन तो काय नवीन लिहिणार? या वाढीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं तेव्हा १७ अर्थतज्ज्ञांनी तिच्याविरुद्ध निवेदन दिलं, त्यात मिल्टन फ्रीडमन आणि केनेथ अॅरो हे दोघं एकाच बाजूला, जे एरवी फारसं होत नाही, आणि त्यांचा हिशोब असा की जादा २० वर्षांमुळं नवीन लेखकाच्या आजच्या किमतीतल्या कमाईत फार तर १ टक्का भर पडते. २००३ मध्ये कोर्टानं ७ विरुद्ध २ मतांनी कायदा कायम ठेवला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की धोरण शहाणपणाचं आहे का हे ठरवणं संसदेचं काम. तेही एका अर्थानं बरोबरच आहे, पण म्हणूनच पुरावा कोर्टात पोचायच्या आधी संसदेत पोचायला लागतो.

नोटीस आली की व्हिडिओ उडतो. हे नक्की चालतं कसं?

याचं मूळ अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए कायद्यात, कलम ५१२. तेव्हा सौदा असा झाला: वेबसाइटनं युजरनं काय टाकलंय ते सगळं आधी तपासत बसायचं नाही, पण हक्कदारानं नोटीस पाठवली की लगेच ते काढायचं, तेवढं केलं की साइटवर भरपाईचा दावा लागत नाही. ज्याचं काढलं त्याला उलट नोटीस द्यायची सोय आहे, आणि ती दिल्यावर हक्कदार कोर्टात गेला नाही तर १० ते १४ कामाच्या दिवसांत मजकूर परत लावायचा.

कागदावर बरं वाटतं. प्रत्यक्षात तराजू एका बाजूला कललेला आहे. साइटला काढून टाकण्यात काही धोका नाही आणि ठेवण्यात आहे, मग ती काय करणार, काढणारच. नोटीस पाठवणारा शपथेवर सांगतो ते एवढंच की मी हक्कदाराच्या वतीनं बोलतोय, बाकी मजकुराबद्दल नुसता 'प्रामाणिक समज' पुरतो. उलट नोटीस द्यायची तर सामान्य माणसाला आपलं नाव, पत्ता द्यावा लागतो आणि कोर्टाचा अधिकार मान्य करावा लागतो, वकील परवडत नसलेला माणूस तिथंच घाबरून सोडून देतो. २००७ मध्ये एका आईनं लहान मुलाच्या नाचाचा २९ सेकंदांचा व्हिडिओ टाकला, मागं प्रिन्स या पॉप गायकाचं गाणं वाजत होतं, आणि म्युझिक कंपनीनं तो काढायला लावला. त्यावरची केस २०१८ पर्यंत चालली! मधे २०१५ मध्ये अपील कोर्टानं एवढं सांगितलं की नोटीस पाठवण्याआधी 'फेअर यूज'चा, म्हणजे परवानगीशिवायही चालणाऱ्या रास्त वापराचा, विचार करायलाच हवा. चांगला निकाल, पण किती जण २९ सेकंदांसाठी एवढी वर्षं लढतील.

खोट्या किंवा चुकीच्या नोटिसा किती असतात?

बर्कली आणि कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये लुमेन नावाच्या डेटाबेसमधल्या नोटिसा तपासल्या, तिथं गूगलसारख्या कंपन्या आलेल्या नोटिसा जमा करतात. सुमारे ३० टक्क्यांमधे काही ना काही शंकास्पद निघालं. काही तर ज्या कामाबद्दल तक्रार त्याच्याशी संबंधच नसलेल्या लिंकवर होत्या.

यूट्यूबची कंटेंट आयडी ही मशीन, जी वर आलेले व्हिडिओ हक्कदारांच्या कामाशी आपोआप ताडून बघते, मात्र या कायद्याच्याही बाहेर चालते, कंपनीची स्वतःची सिस्टिम आहे ती, २००७ पासूनची. २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत तिनं ७२ कोटींच्या वर दावे लावले असं यूट्यूबच्याच रिपोर्टमधे आहे, आणि लोकांनी आक्षेप घेतला तो १ टक्क्यापेक्षाही कमी दाव्यांवर. कंपनी म्हणते बघा, ९९ टक्के बरोबर. पण आक्षेप घेतलेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांमधे व्हिडिओ टाकणाऱ्याच्या बाजूनं निकाल लागला, म्हणजे २२ लाख प्रकरणं. जे गप्प बसले ते पटलं म्हणून गप्प बसले की स्ट्राइकच्या, म्हणजे आपल्या चॅनेलवर शिक्षेचा शिक्का बसण्याच्या, भीतीनं? परत तोच, न घडलेल्या गोष्टीचा प्रश्न.

युरोपचं कलम १७ म्हणतात ते काय?

२०१९ च्या युरोपियन डायरेक्टिव्हमधलं, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायच्या आदेशामधलं कलम. मोठ्या प्लॅटफॉर्मनी आधी लायसन्स घ्यायचा प्रयत्न करायचा, आणि हक्कदारानं कळवलेलं काम वर येऊच नये याची काळजी घ्यायची. म्हणजे नाव न घेता फिल्टर. पोलंड कोर्टात गेलं, एप्रिल २०२२ मध्ये हरलं, पण कोर्टानं सांगितलं की कायदेशीर मजकूर अडवणारा फिल्टर चालणार नाही. तीन वर्षांपेक्षा नवीन आणि छोट्या कंपन्यांना सूट आहे. माझं मत विचाराल तर असल्या कायद्याचा फायदा ज्यांच्याकडे फिल्टर बनवायचे पैसे आधीच आहेत त्यांनाच होतो.

आता शहरांकडे. शहर 'बुडालं' म्हणजे नक्की काय होतं?

कारखाना बंद पडतो ती तारीख सगळ्यांच्या लक्षात राहते. यंगस्टाउनमधे १९ सप्टेंबर १९७७, सोमवार, यंगस्टाउन शीट अँड ट्यूब कंपनीनं कॅम्पबेल वर्क्स बंद करत असल्याचं जाहीर केलं, सुमारे ५ हजार नोकऱ्या, त्याला तिथं अजून ब्लॅक मंडे म्हणतात. पण शहर त्या दिवशी बुडत नाही, त्यानंतर तीस-चाळीस वर्षं हळूहळू बुडत राहतं. १९३० मध्ये तिथं १ लाख ७० हजार लोक होते, २०२० मध्ये ६० हजार. डेट्रॉइटमधे १९५० ला साडेअठरा लाख, २०२० ला ६ लाख ३९ हजार.

हळूहळू का, याचं उत्तर ग्लेझर आणि ग्योर्को या अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये दिलं आणि ते मला खूप पटतं. घरं टिकाऊ असतात. शहर वाढताना घरं पटापट बांधली जातात, पण मागणी गेली म्हणून घरं नाहीशी होत नाहीत, किमती पडतात, इतक्या की नवीन बांधण्याच्या खर्चापेक्षा खूप खाली जातात. मग स्वस्त घर हेच तिथं राहायचं कारण बनतं आणि ज्यांच्याकडे दुसरीकडे जायची ऐपत नाही ते तिथं राहतात किंवा येतात. शिकलेला, तरुण, नोकरी मिळवू शकणारा आधी जातो. मागं राहिलेल्यांवर पाइपलाइन, रस्ते, शाळा, जुन्या कर्मचाऱ्यांची पेन्शन हा सगळा बोजा, कारण अठरा लाखांसाठी टाकलेली पाइपलाइन सहा लाख लोक झाले म्हणून एक तृतीयांश होत नाही. डेट्रॉइट जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं तेव्हा देणी सुमारे १८ अब्ज डॉलरची होती.

एखादी मोठी कंपनी आणली की प्रश्न सुटत नाही का?

सगळ्या राजकारण्यांना असंच वाटतं, फीत कापायला मिळते ना. टिमोथी बार्टिक हे या विषयावर आयुष्यभर काम केलेले अर्थतज्ज्ञ, त्यांनी २०१८ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र करून काढलं की करसवलतीमुळं कंपनीचा निर्णय खरंच बदलला असं साधारण २ ते २५ टक्के वेळाच होतं. बाकीच्या सवलतीशिवायही तिथंच आल्या असत्या, म्हणजे ते पैसे नुसते वाटले. पायरसीच्या हिशोबात प्रत्येक डाउनलोड म्हणजे बुडालेली विक्री, तसं इथं प्रत्येक नोकरी म्हणजे सबसिडीनं आणलेली नोकरी!

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचं फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीबरोबरचं प्रकरण माहीत असेल. २०१७ मध्ये १० अब्ज डॉलरची गुंतवणूक, १३ हजार नोकऱ्या, आणि राज्याकडून जवळपास ३ अब्जांच्या सवलती, असा करार. २०२१ मध्ये तो बदलला, १,४५४ नोकऱ्या आणि सवलत जास्तीत जास्त ८ कोटी डॉलर. राज्याचा बराच पैसा वाचला कारण सवलती नोकऱ्या झाल्यावरच द्यायच्या अशी अट होती, पण स्थानिक पातळीवर जमीन घेणं, रस्ते, पाणी हा खर्च आधीच होऊन गेला होता. करार वाचायचा असेल तर एवढंच बघा, पैसे आधी की नंतर.

बिल्बाओनं म्युझियम बांधलं आणि शहर पालटलं, तसं करता येईल?

म्युझियम बांधता येईल, बिल्बाओ नाही. १९९७ मध्ये गुगेनहाइम उघडलं हे सगळ्यांना माहीत, पण त्याआधी काय काय झालं होतं ते बघा: घाण नदी साफ करायचं काम ऐंशीच्या दशकात सुरू झालेलं, बंदर शहरातून समुद्राच्या तोंडाकडे हलवायला घेतलेलं, १९९२ मध्ये केंद्र, बास्क सरकार आणि पालिका यांनी मिळून बिल्बाओ रिया २००० नावाची एक संस्था काढलेली, तिच्याकडे नदीकाठच्या जुन्या कारखान्यांच्या जमिनी, त्या विकायच्या आणि तोच पैसा परत कामात घालायचा. १९९५ मध्ये मेट्रो. आणि बास्क प्रांत स्वतःचे कर स्वतः गोळा करतात, हे तर फार कमी शहरांच्या नशिबी. म्युझियम हा त्या सगळ्यावरचा फोटो निघण्यासारखा भाग. नंतर कित्येक शहरांनी फक्त फोटो उचलला.

रूरचं उदाहरण मला जास्त शिकवणारं वाटतं, कारण ते कंटाळवाणं आहे. कोळशाचं संकट १९५८ ला सुरू झालं, शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली, म्हणजे साठ वर्षं. एवढ्या मोठ्या औद्योगिक पट्ट्यात धड विद्यापीठ नव्हतं, बोखुमचं १९६५ मध्ये सुरू झालं. १९८९ ते १९९९ अशी दहा वर्षं एम्शर पार्क नावाचा कार्यक्रम चालला, ज्यात जुन्या भट्ट्या पाडण्याऐवजी त्यांची बाग, म्युझियम, चढाईच्या भिंती केल्या, आणि एसेनची त्सोलफेराइन खाण १९८६ ला बंद झाली ती २००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. एम्शर नदी तर शंभर वर्षं उघडं गटार होती, ती सांडपाण्यातून मोकळी व्हायला २०२१ उजाडलं. आणि एवढं करूनही तिथं बेकारी जर्मनीच्या सरासरीपेक्षा जास्तच आहे. ज्याला पाच वर्षांच्या टर्ममधे निकाल दाखवायचाय त्याला हे मॉडेल विकता येत नाही.

अमेरिकेतलं स्टीलचं शहर पिट्सबर्ग तरी सावरलं ना?

शहर म्हणून हो, बऱ्यापैकी. हॉस्पिटलं, कार्नेगी मेलन विद्यापीठ, रोबॉटिक्स. पण लोकसंख्या १९५० च्या ६ लाख ७७ हजारांवरून ३ लाखांवर आली ती काही परत वाढली नाही, आणि नदीकाठची स्टीलची छोटी गावं, ब्रॅडॉक, अलिक्विपा वगैरे, त्यांना यातलं फारसं काही मिळालं नाही. ज्याची नोकरी भट्टीवर गेली आणि ज्याला रोबॉटिक्समधे मिळाली ती माणसं वेगळी आहेत. 'शहर सावरलं' म्हणताना कोण सावरलं हे विचारायला पाहिजे.

मग शहर छोटंच करून टाकायचं का?

यंगस्टाउननं तेच म्हटलं, २००५ च्या आराखड्यात त्यांनी सरळ मान्य केलं की आपण आता छोटं शहर आहोत आणि तसंच नीट चालवूया. हे बोलायला हिंमत लागते, खूप कौतुक झालं. अंमलबजावणी मात्र अवघड गेली, कारण ओसाड गल्लीत राहिलेल्या दोन-तीन कुटुंबांना हलवायचं कसं? लोक फारसे हलले नाहीत. घर म्हणजे नकाशावरचा ठिपका नसतो, आणि अमेरिकेत १९४९ नंतरच्या अर्बन रिन्यूअलनं, म्हणजे जुने भाग पाडून नव्यानं बांधायच्या सरकारी योजनेनं, कुणाच्या वस्त्या पाडल्या हे तिथले लोक, खास करून कृष्णवर्णीय, विसरलेले नाहीत.

ओसाड घरं आणि प्लॉट, यांच्यावर काही खरंच चालतं का?

हो, आणि स्वस्तात चालतं. फिलाडेल्फियात ५४१ रिकाम्या प्लॉटवर प्रयोग केला, चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं की कुठल्या प्लॉटचा कचरा काढून गवत, थोडी झाडं आणि बुटकं लाकडी कुंपण करायचं, कुठल्याची नुसती साफसफाई करायची आणि कुठं काहीच करायचं नाही. २०१८ मध्ये निकाल आला, गरीब वस्त्यांमधे हिरवळ केलेल्या प्लॉटच्या आसपास बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. इथं 'नसतं केलं तर' याचं उत्तर शेजारच्या प्लॉटवरच मिळतं, म्हणून हा अभ्यास मला अनेक मोठ्या रिपोर्टांपेक्षा मोलाचा वाटतो.

पण त्याआधीची अडचण मालकीची. मालक मेला, कुठं गेला माहीत नाही, कर थकलेला, बँक बुडालेली, घर पडायला आलंय आणि हात कुणी लावायचा? पूर्वी डेट्रॉइट ज्या राज्यात येतं त्या मिशिगनमधे थकलेल्या कराचा हक्कच सटोडियांना विकला जायचा आणि घर वर्षानुवर्षं लटकायचं. १९९९ मध्ये तो कायदा बदलला, मग फ्लिंट ज्या जेनेसी काउंटीत येतं तिथं लँड बँक निघाली: घर ताब्यात घ्यायचं, मालकी साफ करायची, मग विकायचं, पाडायचं किंवा शेजाऱ्याला द्यायचं.

आणि इथं कॉपीराइट परत येतो. जुनी पुस्तकं, फोटो, रेकॉर्डिंग, ज्यांचे हक्कदार सापडतच नाहीत त्यांना ऑर्फन वर्क्स म्हणतात. घाबरून कुणी हात लावत नाही, लायब्ररीत धूळ खातात. कायद्याचे प्राध्यापक पॉल हील्ड यांनी अॅमेझॉनवरची नवी पुस्तकं तपासली तर १९८० च्या दशकातल्या पुस्तकांपेक्षा १८८० च्या दशकातली जास्त उपलब्ध निघाली, कारण ती कॉपीराइटमधून मोकळी झालेली. युरोपनं २०१२ मध्ये ऑर्फन वर्क्ससाठी डायरेक्टिव्ह काढला, पण प्रत्येक कामासाठी मालकाचा कसून शोध घेतल्याचं दाखवायची अट इतकी जड की फार कमी संस्थांनी तो वापरला. जमिनीच्या बाबतीत कर थकला की मालकी जाते, कॉपीराइटला तसा काहीच कर किंवा नूतनीकरण नाही, म्हणून तिथं लँड बँकेसारखं काही उभं राहायला दरवाजाच नाही. जुनी नूतनीकरणाची अट परत आणावी असं मला वाटतं, पण आंतरराष्ट्रीय करार आड येतात.

सिनेमावाल्यांना सबसिडी देऊन शहर उभं राहतं का?

मिशिगननं करून बघितलं. २००८ मध्ये शूटिंगच्या खर्चाच्या ४२ टक्क्यांपर्यंत परत देणारी योजना आणली, देशातल्या सगळ्यात उदार योजनांपैकी एक. पाँटिअॅकमधे जनरल मोटर्सच्या जुन्या जागेत स्टुडिओ उभा केला, त्यासाठी काढलेल्या कर्जाच्या बाँडला हमी कुणाची तर राज्याच्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडाची, आणि २०१२ मध्ये हप्ता चुकल्यावर फंडालाच भरावा लागला. २०१५ मध्ये योजना गुंडाळली. सिनेमाचं युनिट येतं, महिनाभर हॉटेलं भरतात, मग पुढच्या राज्यानं जास्त दिलं की तिकडं जातं. मुख्य म्हणजे सिनेमाचा कॉपीराइट काही पाँटिअॅकमधे राहत नाही, पुढची पन्नास वर्षं येणारी कमाई जिथं हक्क आहे तिथं जाते, शहराला मिळते ती मजुरी. हा हिशोब सबसिडीच्या एकाही भाषणात मी ऐकलेला नाही.

फास्ट इंटरनेटनं फरक पडतो?

अमेरिकेतल्या चॅटनूगा शहराचं नाव घेतात. पालिकेच्या वीज कंपनीनं, केंद्राच्या ११ कोटी डॉलरच्या मदतीसह, २०१० मध्ये सगळ्या ग्राहकांना १ गिगाबिट द्यायची तयारी केली. फायदा झाला, पण ते फायबर मुळात वीजपुरवठ्याच्या स्मार्ट ग्रिडसाठी, म्हणजे वीजजाळ्यावर दुरून लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेसाठी होतं, तो खर्च तसाही निघाला असता. नुसती केबल टाकून शहर सुधारेल असं समजू नका.

जागेवर खर्च करायचा की माणसांवर?

अर्थतज्ज्ञ पूर्वी सरसकट म्हणायचे माणसांवर, त्यांना जिथं काम आहे तिथं जाऊ द्या. पण ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थतज्ज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की चीनच्या आयातीचा फटका बसलेल्या भागांतून लोक वाटलं होतं तितके हललेच नाहीत, तिथंच बेकार बसले. त्यानंतर जागेवरच्या धोरणाकडे परत बघायला लागले.

मधला मार्ग मिशिगनमधल्या कॅलमाझू शहराचा. २००५ मध्ये निनावी देणगीदारांनी जाहीर केलं की तिथल्या सरकारी शाळेतून शिकून निघालेल्या मुलाची मिशिगनमधल्या कॉलेजची फी भरू, शाळेत किती वर्षं होता त्यावर ६५ ते १०० टक्के. मदत माणसाला, पण अट जागेची. मुलं पदवी पूर्ण करण्याचं प्रमाण वाढल्याचं अभ्यासात दिसलंय. ती सगळी नंतर कॅलमाझूतच राहतील असं नाही, पण मला त्यात काही वाईट वाटत नाही.

एआय आणि कॉपीराइटबद्दल काहीच नाही?

थोडक्यात: जपाननं २०१८ मध्ये कायदा बदलून मशीन लर्निंगसाठी बरीच मोकळीक दिली, युरोपनं २०१९ मध्ये हक्कदाराला नको म्हणायची सोय ठेवून परवानगी दिली, अमेरिका कोर्टात भांडतेय. नुकसानीचे आकडे आत्ताच यायला लागलेत, वर जीएओबद्दल लिहिलंय ते डोक्यात ठेवून वाचा.

एखादा रिपोर्ट हातात आला तर पहिलं काय बघायचं?

सारांश सोडून थेट पद्धतीच्या भागात जा आणि तुलना कशाशी केलीय ते शोधा. तुलनाच नसेल, नुसतं 'योजनेनंतर इतकं वाढलं' असेल, तर बाजूला ठेवायला हरकत नाही. मग पैसे कुणी दिले ते बघा. पैसे कंपनीचे म्हणून रिपोर्ट खोटा असं नाही, प्लॅटफॉर्म कंपन्याही विद्यापीठांना देतात आणि स्टुडिओही देतात, पण डेटा दुसऱ्याला तपासायला दिलाय का एवढं नक्की विचारा. शहरांच्या बाबतीत 'निर्माण झालेल्या नोकऱ्या'मधे शेजारच्या गावातून उचलून आणलेल्या किती हे वेगळं दिलंय का बघा, आणि कॉपीराइटच्या बाबतीत 'कॉपीराइट उद्योग' या नावाखाली काय काय मोजलंय ते बघा, काही रिपोर्टांमधे फर्निचर, दागिने आणि खेळणीसुद्धा थोड्या प्रमाणात धरलेली सापडतील.